चिमूटभर शेणखत, पाटीभर दाणेदार

एका गावात हैबती नावाचा एक भोळा शेतकरी होता. आपण भोळे आहोत हे गावाच्या आधी त्यालाच ठाऊक होतं. तो म्हणायचा, "एकदा केलेली चूक मी पुन्हा करत नाही. दरवेळी नवी करतो." कुणी शहाणपणाचं सांगितलं की विसरू नये म्हणून उपरण्याला गाठ मारायचा.

एका साली त्याचा मका वीतभर वाढला आणि पानं जांभळी पडली. बायको तानूबाई बांधावरून म्हणाली, "अवं, हा मका गेला तर मोरणीला घालायचं काय? म्हैस माझ्या भावाच्या गोठ्यात नेऊन बांधीन मी."

मोरणी म्हणजे हैबतीचा जीव. तो धावत खताच्या दुकानात गेला.

"मक्याला स्फुरद कमी पडलंय," दुकानदार गुलाबशेठ म्हणाले. "हे दाणेदार खत ने. कडक असतं. झाडाला चिमूटभर, जास्त नाही."

हैबतीनं गाठ मारली आणि पोतं घरी आणलं.

"आधी उकिरड्यातलं शेणखत घाला," तानूबाई म्हणाली. "त्यातही स्फुरद असतंच की."

हैबतीनं शेणखत घातलं. झाडाला चिमूटभर. दिवस मावळेपर्यंत अर्धी पाटी संपली.

"अवं, मक्याला खत घालताय का कालवणाला मीठ? खत पाटीनं ओतायचं, हात आखडायचा नाही!"

"माझंच चुकलं. देवानं डोकं दिलंय ते फक्त पटका बांधायला," हैबती म्हणाला, आणि दुसरी गाठ मारली.

सकाळी त्यानं दाणेदार खताचं पोतं फोडलं. झाडाला पाटीभर. चार झाडांत पोतं रिकामं. तिसऱ्या दिवशी चारही झाडं करपून आडवी.

हैबती पुन्हा दुकानात गेला तेव्हा गुलाबशेठ पोट धरून हसले. "अरे, खत जास्त झालं की पाटाचं पाणी सोडायचं. जास्तीचं वाहून जातं."

तिसरी गाठ. घरी येऊन बघतो तर उकिरड्यात खतच खत. हे तर फारच जास्त झालं, म्हणून त्यानं पाट उकिरड्यात वळवला. निम्मं शेणखत वाहत शेजारच्या ज्योत्याजीच्या मक्यात गेलं. ज्योत्याजी येऊन रामराम करून गेला.

तानूबाई रडवेली झाली. "अवं, खत असं उघड्यावर सोडतात का? बुडाशी पुरायचं, वर माती ओढायची, आणि धीर धरायचा. सावकाश लागू पडतं ते."

हैबती चौथी गाठ मारेपर्यंत तिनं पाटी हिसकावली आणि उरलेलं शेणखत स्वतःच घातलं.

मका सावरला. हिरवागार, डोक्याएवढा झाला. चारा कापायला आला तेव्हा तानूबाई भाचीच्या बारशाला दोन दिवस माहेरी निघाली. "मोरणीला दोन्ही वेळा मका घाला," एवढं सांगून गेली.

परत आली तर मोरणीचं रेकणं वेशीपर्यंत ऐकू येत होतं. म्हशीचं पोट खपाटीला गेलेलं, आणि दावणीत मक्याचं एक पान नाही.

"अवं, मका घातला का हिला?"

"घातला की. दोन्ही वेळा."

"कुठंय?"

हैबतीनं बोट दाखवलं. मोरणीच्या चारी खुरांशी मातीचे चार ढीग होते, हातानं चोपून गुळगुळीत केलेले.

"मग ती एवढी ओरडतेय कशाला, विचारा की तिलाच!"

हैबतीनं मोरणीच्या पाठीवरून हात फिरवला. "कालपासून समजावतोय गं. पण हीसुद्धा माझ्यासारखीच, डोक्यात काही शिरत नाही. मोरणीबाई, धीर धर. सावकाश लागू पडतं."