गोठ्यापर्यंतचं वायफाय

"मग गोठ्यापर्यंतचं वायफाय बंद कुणी केलं?"

"मी केलं, बाबा," विमलगिरी म्हणाला. "त्याचा काही उपयोग नव्हता."

अचलगिरी बाबा भिंतीकडे पाहत राहिले. तिथे पेल्याएवढं एक पांढरं यंत्र बसवलेलं होतं. माणूस खोलीत पडला की ते मोबाइलवर निरोप धाडत असे. गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात घसरले, तेव्हा एका भक्ताने ते आणून दिलं आणि मठातल्या दोन्ही शिष्यांचे मोबाइल त्याला जोडले.

आज सकाळपासून त्याचा हिरवा दिवा लाल झाला होता.

"हा हिरवा कधी व्हायचा?"

"होईल, बाबा. राउटर माझ्या खोलीत, शेजारीच तर आहे. त्याचे दोन बँड असतात. एक दोन पॉइंट चारचा. मंद आहे, पण दगडी भिंतींतून पार गोठ्यापर्यंत जातो. दुसरा पाचचा. भलताच वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. मी मंदवाला बंद करून वेगवान तेवढा ठेवला. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी..."

विमलगिरीने मान खाली घातली.

डोंगरावर मोबाइलला रेंज नव्हती. वायफाय गोठ्यात पोचलं नाही, की तिथे राहणाऱ्या सोमगिरीला निरोपही पोचणार नव्हता. विमलगिरी बारा वर्षं बाबांच्या सेवेत होता. सोमगिरीला येऊन धड दोन वर्षं झाली नव्हती. पण त्या दिवशी न्हाणीघरापाशी आधी पोचला तो सोमगिरी, आणि बाबा चार माणसांत म्हणाले, "सोम होता म्हणून वाचलो." ते वाक्य विमलगिरीच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं. जेवताना आठवे, जपाला बसला तरी आठवे. पुढच्या वेळी तो धावणार होता. एकटा.

सकाळी दूध घेऊन आलेला सोमगिरी लाल दिवा पाहून म्हणालाही होता, "दादा, हे यंत्र पाचचा बँड घेतच नाही. त्याला मंदवालाच लागतो."

"तू म्हशींचं बघ," विमलगिरीने त्याला सुनावलं होतं.

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. गुडघ्यावर हात ठेवून ते हळूहळू खाली बसले, आणि सरळ फरशीवर आडवे झाले.

"बाबा! काय करताय?"

"पडलोय. येऊ दे तुझा निरोप."

...

मोबाइल गप्प होता. लाल दिवा लुकलुकत होता.

"बाबा, फरशी गार आहे. उठा ना."

"निरोप आला का?"

"पण मी इथंच उभा आहे की!"

"आज आहेस."

...

विमलगिरी आपल्या खोलीत गेला. बंद केलेला बँड त्याने पुन्हा चालू केला. परत आला तेव्हा दिवा हिरवा झाला होता. बाबा तसेच आडवे होते.

थोड्या वेळाने त्याच्या हातातला मोबाइल वाजला. लांबून, गोठ्याच्या बाजूने, तसाच आवाज आला. बादली कलंडल्याचाही आला.

"माझा आधी वाजला, बाबा!" विमलगिरीच्या तोंडून निघून गेलं.



सोमगिरी धावत आत आला. हात दुधाने ओले, एका पायात चप्पल. त्याने गुडघे टेकले, बाबांच्या पाठीखाली हात घातला आणि जोर लावला. बाबा हाडापेराने मोठे. जेमतेम खांदा उचलला गेला आणि पुन्हा फरशीला टेकला.

"दादा..." सोमगिरीने वर पाहिलं.

विमलगिरी मोबाइलमधली निरोपाची वेळ वाचत उभा होता.

"विमल," बाबा खालूनच म्हणाले, "ठेव तो बाजूला. मला उठवायला दोघं लागतात."