पेन ड्राइव्ह आत घेताना

बुधवार, १३ नोव्हेंबर. पहाटे धुकं, नऊनंतर कोरडं ऊन, वारा नाही.

"किती प्रती केल्यास म्हणालास?"

"सात, अक्का! सात!"

तुळशीराम खेडेकरनं अजून डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं. मोटारसायकल फाटकाशी लावून तो तसाच डोंगरटाकळीच्या महानुभाव मठाच्या अंगणात घुसला होता. दंडवत घालायचंही आधी राहिलं, मग आठवलं, मग त्यानं हेल्मेटसकट घातलं.

तपस्विनी मैनाबाई, म्हणजे गावाच्या अक्का, सतरंजीवर बसल्या होत्या. पोथ्यांना ऊन द्यायचा दिवस होता. बासनं सोडलेली होती. अक्का एकेक पान उलटत होत्या, बोटानं कड चाचपत होत्या.

"हेल्मेट काढ. पोथ्यांना भीती वाटते."

तुळशीरामनं हेल्मेट काढलं. खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला, प्रसाद धरावा तसा.

"झालं पुरं, अक्का. गेल्या आठवड्यात शेवटचं पान लिहिलं. सहाशे बारा पानं. सतरा वर्षं!"

तुळशीराम होता पशुधन पर्यवेक्षक. मेंढरांना लस टोचत रानोमाळ फिरताना धनगरांच्या म्हाताऱ्यांकडून त्यानं ऐकलेलं सगळं लिहून ठेवलं होतं. कुठल्या दुखण्याला कुठला पाला, कुठल्या नक्षत्रात कळप कुठं न्यायचा, मेंढी आटली तर काय गायचं. सांगणारे एकोणीस जण. त्यांतले सतरा आता नव्हते.

"तुम्ही म्हणाला होता, पुरं झालं की एक प्रत पोथ्यांच्या कपाटात ठेवून घेईन. घ्या."

अक्कांनी पेन ड्राइव्ह तळहातावर घेतला. वजन केल्यासारखा वरखाली हलवला.

"बाकीच्या सहा?"

याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

"दोन पेन ड्राइव्ह घरी, वेगवेगळ्या खोल्यांत. एक हार्ड डिस्क ऑफिसच्या कपाटात. एक डिस्क अकोल्याला बहिणीकडं. म्हणजे इथं आग लागली, पूर आला, तरी अकोल्याची शाबूत. एक ईमेलमध्ये. एक इंटरनेटवरच्या साठवणीत. आणि ही सातवी."

"बाप्पा!" ओसरीवरून रेवतीताई म्हणाल्या. दीक्षा घेण्याआधी अकरा वर्षं त्यांनी कोर्टाबाहेर टायपिंग केलं होतं. मठाचा कॉम्प्युटर त्यांच्याच ताब्यात असे. "एवढी तर सरकारनं सातबाऱ्याची काळजी घेतली नाही."

"आणि नुसत्या ठेवत नाही, ताई. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या उघडून बघतो. अकोल्याची डिस्कसुद्धा मागवून घेतो. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

"कशावर बघतोस?" अक्कांनी विचारलं.

"कशावर म्हणजे? माझ्या लॅपटॉपवर."

"हं."

एवढंच. अक्का पुन्हा पोथीकडं वळल्या.

तुळशीरामला हे 'हं' फारसं रुचलं नाही. शाबासकीची जागा होती ती. पण आनंद पोटात मावत नव्हता, म्हणून तो बोलत राहिला. लॅपटॉप म्हातारा झालाय. पंखा दळण दळल्यासारखा वाजतो. सोमवारी तालुक्याच्या दुकानात देऊन टाकायचा, बदल्यात नवा घ्यायचा. दुकानदार जुना पुसून कुणाला तरी देणार. काही फिकीर नाही, कारण आता...

"सात प्रती आहेत," अक्का म्हणाल्या.

"सात प्रती आहेत!"

"या मठाची एक रीत आहे, तुळशीराम. कुठलीही पोथी कपाटात जायच्या आधी आम्ही ती आत घेतो."

"घ्या की."

"आत घेणं म्हणजे वाचून घेणं. वाच."

तुळशीरामच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. पिशवीतून लॅपटॉप काढायला त्याला दोन क्षणही लागले नाहीत. झाकण उघडणार, एवढ्यात अक्कांचा हात झाकणावर येऊन बसला.

"यातून नाही."

"का? तेच तर आहे यात."

"हे तुझ्या घरचं. घरचा माणूस घरच्यासारखंच बोलणार. ठेवायला आणलंयस ते वाच." त्यांनी पेन ड्राइव्ह रेवतीताईंकडं दिला. "मठाच्या पेटीत लाव."

"अक्का, एकच आहे हो ते! जसंच्या तसं!"

"मग बरंच झालं."

ओसरीवरच्या टेबलाशी रेवतीताई बसल्या. तुळशीराम त्यांच्या खुर्चीमागं उभा राहिला. त्याला घाई सुटली होती. पहिलं पान त्याला पाठ होतं. हटकर धनगरांतले म्हातारे भिवबा, त्यांचं सांगणं. अक्कांना ते ऐकवायचं म्हणून तो पंचवीस किलोमीटर आला होता.

फाइल उघडली.

रेवतीताईंनी चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"हे काय लिहिलंय, भाऊ?"

पडद्यावर अक्षरं होती, पण मराठी नव्हती. इंग्रजी होती असंही नाही. टोप्या घातलेली रोमन अक्षरं, शेपट्या, कंस, उलटी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी. जणू कुणी वारुळावर काठी मारली होती.

"खाली जा," तुळशीराम म्हणाला.

त्या खाली गेल्या. दुसरं पान तसंच. शंभरावं तसंच. सहाशे बारावं तसंच.

"थांबा, थांबा. हा पेन ड्राइव्ह खराब झाला असेल." त्यानं मोबाइल काढला. ईमेल उघडला. वारूळ. इंटरनेटवरची प्रत उघडली. तेच वारूळ, लहान पडद्यावर.

आणि मग तो एकदम हसला.

"फॉन्ट! अहो, फॉन्ट आहे तो! जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय मी. तो तुमच्याकडं नाही, म्हणून असं दिसतंय. काही हरवलेलं नाही, अक्का. सगळं जागच्या जागी आहे!"

अक्कांनी समोरच्या ढिगातून एक लांबट पोथी उचलली, अंगणातून ओसरीवर आल्या आणि त्याच्या हातात दिली.

"वाच."

अक्षरं देवनागरी होती. वळण सुरेख. तुळशीरामनं एक शब्द लावून बघितला. दुसरा लावला. जीभ अडखळली. शब्दच होईना.

"ही सांकेतिक लिपी," रेवतीताई हळूच म्हणाल्या. "एका अक्षराच्या जागी दुसरं लिहितात. कोणाच्या जागी कोण, हे ठाऊक असावं लागतं."

"हरवलीय का ही पोथी?" अक्कांनी विचारलं.

"नाही. ही काय, आहे."

"कुणापाशी?"

"माझ्या हातात," तो म्हणाला.

"हातात आहे खरी."

अक्कांनी पोथी परत घेतली आणि त्याच पानावरून घडाघडा चार ओळी म्हटल्या, चष्म्याशिवाय.

तुळशीराम पडद्याकडं बघत राहिला. अकोल्याची डिस्क. ऑफिसची डिस्क. घरातल्या दोन खोल्या. प्रत्येक ठिकाणी एक वारूळ, अगदी जपून ठेवलेलं, एक अक्षर इकडचं तिकडं न झालेलं. दर महिन्याच्या एक तारखेला त्यानं सगळी वारुळं एकाच चष्म्यातून बघितली होती.

"तुझ्या सात नाहीत रे," अक्का म्हणाल्या. "एकच आहे. सात ठिकाणी ठेवलीयस."

"तो फॉन्ट..." तुळशीराम म्हणाला. "सतरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका प्रेसवाल्यानं सीडीवरून घालून दिला होता. प्रेस बंद झाला. तो माणूस वारला. सीडी मी बघितलीसुद्धा नाही."

"मग आता कुठं आहे?" रेवतीताईंनी विचारलं.

तिघांचीही नजर एकदमच पिशवीशेजारच्या लॅपटॉपकडं गेली. सोमवारी पुसला जाणार होता तो.

तुळशीराम धावला. लॅपटॉप छातीशी धरून ओसरीवर आणला, बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तसा. बटण दाबलं.

पंखा किंचाळला. पडदा निळा झाला, काळा झाला. बंद.

"भाऊ, चार्जर," रेवतीताई म्हणाल्या.

चार्जर लावला. पुन्हा बटण. पंखा. निळा. काळा. बंद.

"अरे, चाल रे बाबा, चाल..." तुळशीराम त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. अडलेल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवतो तसाच. "आजचा दिवस चाल. मग झोप खुशाल."

"गरम झालाय. जरा टेकू दे त्याला," अक्का म्हणाल्या.

टेकू दिलं. दहा मिनिटं गेली. अंगणात उघड्या पोथ्या तापत होत्या.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. पंखा किंचाळला, किंचाळत राहिला, आणि त्या किंचाळण्यातूनच पडदा हळूहळू उजळला. त्यावर तुळशीरामच्या मुलीच्या लग्नातला फोटो आला.

"आला! आला, अक्का!"

"मला काय सांगतोस? हात चालव."

फॉन्टची फाइल सापडायला सात मिनिटं लागली. केवढीशी ती! एका फोटोचीही जागा न घेणारी. तुळशीरामनं ती पेन ड्राइव्हवर घेतली, धोका नको म्हणून दुसऱ्यांदा घेतली. रेवतीताईंनी ती मठाच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. सहाशे बारा पानांची फाइल बंद केली. पुन्हा उघडली.

वारूळ नव्हतं.

मराठी होतं. वेलांटी वेलांटीच्या जागी, मात्रा मात्रेच्या जागी. तुळशीराम जोरात ओरडला. गोठ्यातली गाय हंबरली. रेवतीताईंनी टाळी वाजवली, मग आपण दीक्षा घेतलीय हे आठवून हात मागं घेतले.

"आता फॉन्टही प्रत्येक प्रतीबरोबर ठेवीन," तुळशीराम घाईघाईनं म्हणत होता. "सातही ठिकाणी. आणि वर नव्या युनिकोडमध्ये बदलून आणखी एक..."

"बदलताना जोडाक्षरं फुटतात," रेवतीताई म्हणाल्या. "कोर्टाच्या कागदांपायी लई भोगलंय मी ते. ओळ न् ओळ वाचावी लागेल. आधी हे छापून घ्या कागदावर."

"छापतो! आजच छापतो! अक्का, आता वाचू?"

"तू नाही. ही वाचेल. तू डोळे मिटून ऐक."

जेवणं उरकून दीडला बसले. रेवतीताई वाचू लागल्या. कोर्टातल्या सवयीनं सपाट, न थांबता. तुळशीरामच्या मिटल्या डोळ्यांसमोर हटकर भिवबा येऊन बसले, काठी टेकून. 'मेंढी वाऱ्याकडं पाठ करून बसते. ज्या दिवशी तोंड करून बसली, त्या दिवशी वाघर हलवावी.'

"वाघर म्हणजे?" रेवतीताई थांबल्या.

"जाळ्याचं कुंपण. मेंढरं कोंडायचं."

"हे लिहिलंयस का यात?" अक्कांनी विचारलं.

"नाही. ते मला माहीत आहे."

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. मग लॅपटॉपकडं बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडं.

"तुझाही पंखा वाजायला लागेल एक दिवस."

रेवतीताई खो खो हसल्या. तुळशीरामही हसला, पण कान लाल झाले. त्यानं जवळ सरकून वाघरचा अर्थ तिथंच टाइप केला.

मग गाडी सावकाश झाली. प्रत्येक पानावर कुठं ना कुठं रेवतीताई थांबत. हा पाला कुठला? कुठल्या डोंगरावर? हे नक्षत्र की गावाचं नाव? ही ओळ गायची की सांगायची? काही उत्तरं तुळशीरामच्या जिभेवर होती. काहींसाठी त्याला कपाळाला हात लावून बसावं लागलं. दोन शब्द त्यालाही लागेनात.

"हे भिवबाच सांगू शकले असते..." तो म्हणाला.

"तसं लिही," अक्का म्हणाल्या. "कळलं नाही, असं लिही."

त्यानं लिहिलं.

मधे उठून त्यानं दुकानदाराला फोन केला. "सोमवारी येत नाही. नाही, पुढच्या सोमवारीही नाही. लॅपटॉप कामात आहे."

पाचच्या सुमाराला ऊन भिंतीवर चढलं. पोथ्या बासनात गेल्या, गाठी बसल्या. रेवतीताईंचा आवाज बसला होता. त्यांनी पानाचा आकडा बघितला आणि कॉम्प्युटर बंद केला.

तुळशीरामनं पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा दोन्ही हातांनी पुढं धरला. सकाळी धरला होता त्याहून जरा खाली.

"अक्का, आता तरी कपाटात ठेवाल ना? सगळं उघडतंय. तुमच्या डोळ्यांदेखत उघडलं."

अक्कांनी तो घेतला. लाल कापडाच्या चिंधीत गुंडाळला. कपाट उघडून वरच्या खणात, पोथ्यांच्या शेजारी ठेवला आणि कडी लावली.

"एकेचाळीस पानं आत घेतली," त्या म्हणाल्या. "पाचशे एकाहत्तर अजून बाहेर आहेत. उद्या लवकर ये."