कुसळवाडीचं पाणी

नगर जिल्ह्याच्या मुरमाड माळावर बोरटेक नावाचं गाव होतं. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या मधोमध दगडी देऊळ, आणि देवळाच्या ओसरीला लागून असलेल्या एका खोलीत हनोखबुवांचा मुक्काम. बिशपसाहेबांच्या दप्तरी ते रेव्हरंड होते. पण गळ्यात वीणा घालून ते येशूचं कीर्तन करू लागले की पाटलापासून धनगरापर्यंत सगळे येऊन बसत आणि जाताना 'महाराज' म्हणून हात जोडत. महाराज म्हटलं की बुवा संकोचून हसायचे. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

त्या पट्ट्यातल्या अँग्लिकन मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती भाविकांचे लहान लहान समुदाय, वाडीवस्तीवर विखुरलेल्या होत्या. त्यांची देखभाल करणारा पाळक एक आणि गावं डझनभर. त्यातून उन्हाळा आला की धडधाकट माणसं खडी फोडायला लांब जात, आणि वाड्यांवर म्हातारीकोतारी नि लेकरं तेवढी उरत. अशा वेळी माणसाला वाटतं, आपल्याला आता कुणी विचारत नाही. म्हणून बुवांनी एक रीत घालून दिली होती. पुनरुत्थानाच्या सणापासून, म्हणजे ईस्टरपासून, मृग लागेपर्यंत बोरटेकातल्या प्रत्येक घरानं शेजारची एकेक मंडळी वाटून घ्यायची आणि रोज दिवेलागणीला देवळात तिच्यासाठी देवाकडे मागणं मागायचं. बुवांची अट एकच होती. कोरडं नाव घ्यायचं नाही. ज्या गावासाठी प्रार्थना करायची, तिथं कोण आजारी आहे, कुणाचा बैल बसलाय, कुणाची सून अडलीय, हे आधी जाऊन विचारायचं आणि मगच देवापुढे उभं राहायचं. त्यामुळे उन्हाळ्यात बोरटेकची माणसं बाजाराला गेली की भाजी कमी आणि चौकश्या जास्त करीत.

त्या वर्षी गावं वाटून घेताना सगळी नावं गेली, पण कुसळवाडीचं नाव कुणी घेईना. सगळे एकमेकांकडे आणि मग चोरून नहेम्या पंचांकडे बघू लागले.

नहेम्या उघडे हे मंडळीचे पंच. गवंडीकामातले मुकादम, देवळाची भिंत त्यांनी बांधलेली, आणि ती त्यांनी बांधली हे ते कुणाला विसरू देत नसत. कुसळवाडीचा पुढारी शमुवेल हा त्यांचा सख्खा मेहुणा. तीन-चार वर्षांमागं हंगामाच्या सणाला, पिकातला वाटा देवाला वाहायच्या दिवशी, कुसळवाडीच्या लोकांनी देवाला ओंजळ ओंजळ बाजरी आणली होती, कारण त्यांच्याकडे तेवढीच पिकली होती. पंच भर देवळात म्हणाले, "हे देवाला आनलंय का चिमन्यांना?" शमुवेल उपरणं झटकून उठला आणि चालता झाला, आणि त्याच्यामागून सगळी कुसळवाडी गेली. तेव्हापासून ती माणसं आपल्या वाडीत चिंचेखाली उपासना करीत आणि बोरटेकची वाट कुणी चढत नसे. पंचांची बायको भावाच्या नावानं चुलीपुढं डोळे पुसायची, पण पंचांपुढं ब्र काढायची तिची छाती नव्हती.

अशा गावाचं नाव कोण घेणार? शेवटी मागच्या बाजूला बसलेली तबीथामावशी उठली.

तबीथामावशी शिंदीच्या केरसुण्या बांधून गावोगाव विकायची. नवरा कधीच देवाघरी गेलेला, पोरबाळ नाही, डोळ्यांनी कमी दिसायचं. पण जीभ शाबूत होती. ती म्हणाली, "कुनी घेत न्हाय तर मी घेते कुसळवाडी. उन्हातान्हात गेले तर ती मानसं मला सावलीला बसवत्यात."

बुवांसमोर पंचांनी नुसतं नाक मुरडलं.

मावशी दुसऱ्याच दिवशी केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन कुसळवाडीला चौकशीला गेली. तिथलं दुःख विचारावं लागलंच नाही, ते समोरच दिसत होतं. वाडीची जुनी विहीर आटली होती आणि शमुवेल नि उरलेसुरले गडी नवी विहीर खोदत होते. कातळ लागला होता. पहार मारली की ठिणगी उडे, पाण्याचा मात्र टिपूस नव्हता. त्या दिवसापासून मावशी रोज संध्याकाळी देवळात उभी राहून मोठ्यानं मागायची, "देवा, कुसळवाडीच्या हिरीला पानी लागू दे. शमूच्या हाताला फोड आल्यात, त्याच्याकडं बघ."

इकडे बोरटेकची विहीरही उन्हानं खाली खाली चालली होती. एका संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर पंचांचा तोल गेला.

"मावशे, आपल्या हिरीत बादली बुडंना, आन् तू कुसळवाडीला पानी मागती? घरचं झालं थोडं, आन् व्याह्यानं धाडलं घोडं! अगं, वैशाखात माझ्या रिबकाचं लगीन हाय. देवानं तुझं ऐकलं आन् आपलं पानी तिकडं वळवलं म्हंजे?"

सगळे हसले. मावशीही हसली, पण घरी जाताना तिला ते शब्द रुतत राहिले. रिबका पंचांची लेक, पण मावशीच्या अंगाखांद्यावर खेळून मोठी झालेली. तिला बाहुलीएवढ्या केरसुण्या बांधून देणारी मावशीच होती. त्या पोरीचं वाईट व्हावं असं मावशीच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

बघता बघता लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव पडला होता, चुलाणं पेटली होती, भाताची पातेली धुऊन ठेवली होती आणि नवऱ्या मुलाचं वऱ्हाड संगमनेराकडून दुपारपर्यंत येऊन टेकणार होतं. सकाळी बाया पाण्याला गेल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. पोहऱ्यात नुसता गाळ आला होता. एक जण आत उतरून खरवडून आला, तर पायाला ओलसुद्धा लागली नाही. गावातल्या बाकीच्या विहिरींनी आधीच माना टाकल्या होत्या. नदीचं पात्र म्हणजे तापलेली वाळू. टँकर हा शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता.

पंचांच्या तोंडचं पाणी पळालं. वऱ्हाड उन्हातून येणार आणि त्याला गुळपाणीसुद्धा द्यायची सोय नाही! व्याही तसलाच मानी होता; नवरीच्या दारातून तहानलेला परतला असता तर रिबकाला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मांडवाच्या खांबाशी हळदीच्या अंगानं उभी असलेली पोर रडवेली झाली. तेवढ्यात पंचांना मावशी दिसली, आणि मनातली सगळी भीती रागाचं रूप घेऊन बाहेर पडली.

"झालं समाधान?" ते चारचौघांत ओरडले. "मागत हुतीस ना रोज कुसळवाडीला पानी? गेलं बघ! माझ्या लेकीच्या लग्नाचं पानी नेलंस तू!"

यावर कुणीही हसलं नाही. मावशी तडक देवळात गेली. आत हनोखबुवा लग्नाच्या उपासनेसाठी वेदीवरचं पांढरं कापड नीट करीत होते. मावशी जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

"बुवा, खरं सांगा. म्या दुसऱ्यासाठी मागितलं म्हनून आपलं गेलं का? माझ्या रिबकाच्या ताटातलं म्या काढून दिलं का?"

बुवा तिच्याजवळ येऊन बसले. "तबीथाबाई," ते म्हणाले, "देवाच्या घरी एकच घागर आहे, असं वाटलं तुम्हाला? एकाला पाजली की दुसऱ्याला रिकामी? दुसऱ्यासाठी मागितलेलं मागणं कधी आपल्याला उणं करीत नाही. डोळे पुसा. जाऊन सगळे रांजण मांडवाच्या दारात ओळीनं मांडा, आतून स्वच्छ पुसा आणि झाकणं काढून ठेवा. चुलाणं विझवू नका म्हणावं."

"पन रांजणात घालायचं काय, बुवा?"

"ते रांजण मांडल्यावर बघू," बुवा म्हणाले आणि पुन्हा वेदीवरचं कापड सारखं करू लागले. मग वेदीपुढं गुडघे टेकून त्यांनी डोळे मिटले.

मावशी उठली. एकेक रांजण फिरवत दारात आणू लागली. अंगात बळ नव्हतं, पण बुवांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. पदरानं आतून पुसायला ती एवढी वाकली की कमरेपर्यंत रांजणात गेली, आणि पोरं खिदळली. पंच हताश होऊन खाली बसले होते. ते म्हणाले, "आता रिकाम्या रांजनाची पूजा करायची का? आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

मावशी शेवटचा रांजण पुसत राहिली.

ऊन माथ्यावर यायला लागलं तेव्हा कुसळवाडीच्या वाटेवर धुरळा उठला. लोकांना वाटलं, वऱ्हाडच आलं. पंच धडपडत उठले. पण वऱ्हाड त्या वाटेनं येणार नव्हतं. धुरळ्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि मग एकामागून एक गाड्या दिसू लागल्या. गाडीगाडीत पिंपं, हंडे, घागरी. वर ओलं बारदान टाकलेलं आणि कडेनं पाणी डुचमळत होतं. गाड्यांबरोबर कुसळवाडीच्या बायका गात चालल्या होत्या. पुढच्या गाडीचा कासरा शमुवेलच्या हातात होता.

मांडवापासून थोड्या अंतरावर त्यानं गाडी थांबवली. पुढं आला नाही. तिथूनच म्हणाला, "दाजी, आमाला लग्नाचं आवतन न्हाय, ठावं हाय. आमी मांडवात येत न्हाय. देवळात द्यायला पानी घेऊन आलोय, उतरवतो आन् जातो."

"पानी?" पंचांच्या तोंडून एवढंच निघालं.

"आज तांबडं फुटताना लागलं," शमुवेल म्हणाला. "शेवटची पहार मारली आन् कातळ असा फुटला, की गडी वर यायच्या आत गळ्यापतूर पानी! आमच्यात रीत हाय, नव्या हिरीचं पहिलं पानी देवळात न्यायचं. एक घागर पुरती त्याला. पन बुवा मागल्या बाजाराला आमच्याकडं आले हुते. कोरड्या खड्ड्याच्या काठावर बसले आन् मला म्हनाले, 'शमुवेल, पाणी लागेल त्या दिवशी एका घागरीवर भागवू नकोस. वाडीतल्या सगळ्या गाड्या जुंप आणि जेवढी भांडी आहेत तेवढी भरून बोरटेकला आण. तुमचं देऊळ तेच आहे.' आमी तर हसलो हुतो, दाजी. खाली ठिणग्या उडत हुत्या आन् बुवा गाड्या जुंपायला सांगत हुते! पन आज पानी बघितलं आन् कुनाची हसायची हिंमत झाली न्हाय. घरातला तांब्यासुदिक भरून आनलाय."

सगळे एकदम देवळाकडे बघू लागले. बुवा बोलून गेले तेव्हा बोरटेकच्या विहिरीत अजून पाणी होतं, आणि ती नेमकी लग्नाच्या दिवशी आटेल हे माणसांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी रांजणाला टेकून उभी होती. तिच्या एवढंच लक्षात आलं, की तिनं कुणाचं काही नेलं नाही, आणि ती लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडू लागली. या वेळी आनंदानं.

गाड्या रिकाम्या झाल्या. रांजण काठोकाठ भरले, चुलाणांवर पातेली चढली, गुळाचे खडे फुटले, आणि वऱ्हाड आलं तेव्हा पहिल्या पाहुण्याच्या हातात थंड पाण्याचा तांब्या गेला. व्याही पाणी प्याला आणि म्हणाला, "पानी गोड हाय हो तुमच्याकडचं!" कुसळवाडीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

तोवर हनोखबुवा देवळाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. नहेम्या पंच सगळ्या लोकांदेखत त्यांच्याकडे गेले. फेट्याचं भान राहिलं नाही, तो सुटून खांद्यावर आला. ते खाली वाकले तोच बुवांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं.

"पंच, मी तर देवळात कापड सारखं करीत होतो. वाकायचंच असेल तर मला कशाला?"

पंच वळले. शमुवेल रिकाम्या गाडीला बैल जुंपत होता, खरोखरच परत निघाला होता. पंचांनी रांजणातून तांब्या भरून घेतला आणि वाटेच्या फुफाट्यात मेहुण्यापुढं गुडघे टेकले. मानानं मोठा माणूस, पण त्यांनी धाकट्या मेहुण्याच्या धुळीनं माखलेल्या पायांवर पाणी ओतलं आणि हातानं पाय धुतले.

"शमू," ते म्हणाले, "तुमची बाजरी देवानं घेतली हुती. माझं बोलनं त्याला आवडलं न्हाय. मामाबिगर पोरगी कशी उभी करू? चल मांडवात."

शमुवेलनं त्यांना उठवलं नाही. तोही खाली बसला आणि दोघं रस्त्यातच गळ्यात गळा घालून रडले. पंचांची बायको धावत आली, आणि तिला भाऊ आणि नवरा एका मिठीत सापडले.

मग पंच मावशीकडे आले. मावशीला वाटलं, हे काहीतरी काम सांगणार. पंचांनी तिच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"अवं पंच, उठा!" मावशी गडबडून गेली. "लोक बघत्यात."

"बघू दे," पंच खाली वाकूनच म्हणाले. "मावशे, आज सांजच्याला माझ्यासाठी माग. मला अजून मागता येत न्हाय."

देवळाची घंटा वाजली. मामाच्या हाताला धरून रिबका आत निघाली, तिच्यामागून बोरटेक आणि कुसळवाडी एकत्र निघाली, आणि पंच सगळ्यांच्या शेवटी, सुटलेला फेटा हातात घेऊन, मान खाली घालून चालत राहिले. ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या ओठी शेजाऱ्याचं नाव राहो, आणि हनोखबुवांच्या देवाची दया त्यांच्या घरावर राहो. आमेन.