पाटात बसलेली गुजाई

हे कुंडेश्वरा, भयाच्या क्षणी ज्याचे नाव आधी ओठांवर येते त्या तुला वंदन करून, तुझ्याच दारी घडलेली ही कथा सांगतो. श्रोतेहो, चित्त द्यावे.

फार वर्षांपूर्वी धामणकुंड गावी नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून शेतांकडे पाट निघे. त्या पाटाचे दार सांभाळणारा तो पाटकरी. गावाची सारी पिके त्याच्या हाती. दर अक्षय्य तृतीयेला देवळापुढे त्याची निवड होई. प्रत्येक घराने आपल्या पसंतीच्या एका माणसामागे उभे राहायचे. ज्याची रांग लांब, तो पाटकरी.

पाटकरी होऊ पाहणारे तिघे. उखाजी आणि झिपरूअण्णा दोघेही सज्जन, म्हणून गाव त्या दोघांत वाटले जाई. तिसरा रायभान. त्याच्यामागे लोक भीतीने उभे राहत, आणि तेवढी रांग त्याला पुरत असे. जो दुसरीकडे उभा दिसे, त्याचे शेत तो कोरडे ठेवी. त्याला उलट बोललेला एक शेतकरी पाटात बुडालेला सापडला. कसा, ते कोणी विचारले नाही.

देवळात गुजाई गुरवीण नगारा वाजवी. ती निर्भय नव्हती; रायभानची सावली दिसली तरी तिचे हात कापत. तरीही एका वर्षी ती सभेत उठली.

"उखाजी चालतो, झिपरूअण्णाही चालतो, तर एकाच्याच मागं का उभं राहता, बाबांनो? तीन मडकी मांडा. मूठ झाकून तिन्हींत हात घाला. जो जो चालेल, त्याच्या मडक्यात जोंधळ्याचा एक दाणा टाका. जो नको, तिथून मूठ तशीच काढा."

"करून बघा की," रायभान हसून म्हणाला. "म्हातारीची हौस फिटू द्या."

आणि निवडीच्या दिवशी तो आपल्या मडक्याला कान लावून बसला.

देवळापुढे इतकी शांतता होती की दाणा पडला की टिक् असा आवाज येई. आवाज आला नाही की रायभान मान वर करून त्या माणसाकडे पाही. मग कोणाची छाती होणार? सर्वांनी त्याच्या मडक्यात दाणा टाकला, आणि तोच निवडून आला. त्या वर्षी खालच्या शेतांना पाणी मिळाले नाही. तिथली गुरे माना टाकून मेली.

पुढच्या वर्षी गुजाई म्हणाली, "पुन्हा मडकी मांडा."

"मांडू," रायभान म्हणाला. "पण मोजणी होईपर्यंत तू पाटात बसायचं, दारासमोर. मी निवडून आलो, की दार उघडून पहिलं पाणी तुझ्यावरून सोडीन."

झिपरूअण्णा तिला म्हणाला, "माय, नको गं. लोक भितात, टाकतील पुन्हा दाणा."

"मीही भिते रे. म्हणून तर नगारा बरोबर नेते."

"ने," रायभान म्हणाला. "नाहीतरी तुझ्या तेराव्याला दुसरं कोण वाजवणार?"

ती कोरड्या पाटात उतरली आणि वाजवू लागली. दारापलीकडे पाणी गुरगुरत होते, फटींतून धारा तिच्या पाठीवर पडत होत्या. घरामागून घर पुढे आले, हात मडक्यांत गेले. रायभान कान लावून बसला होता, पण नगाऱ्यापुढे त्याला काहीच ऐकू येईना.

"थांबवा तिला," तो ओरडला. कोणीही हलले नाही. असे म्हणतात की नगारा क्षणभरही थांबला नाही. शेवटी शेवटी तर बंधाऱ्याचे दगडही घुमू लागले.

शेवटचा हात निघाला, नगारा थांबला. मडकी उपडी केली. उखाजीचा ढीग सर्वांत मोठा, झिपरूअण्णाचा त्याहून थोडा लहान. रायभानच्या मडक्यातून एकच दाणा पडला, त्याचा स्वतःचा. त्याने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. तो डोंगराकडे चालता झाला, तो परत आला नाही.

लोक पाटाकडे धावले. गुजाई हात मांडीवर ठेवून बसली होती. बोटे फुटलेली, टिपऱ्या मोडलेल्या, नगाऱ्याचे कातडे मधोमध फाटलेले.

"माफ करा रे बाबांनो," ती रडत म्हणाली. "पहिली चारच घरं झाली असतील, तेव्हाच फाटला."

पण नगारा तर साऱ्यांनी शेवटच्या हातापर्यंत ऐकला होता. उखाजीने तिला खांद्यावर घेऊन वर आणले, आणि मग सारे गाव कुंडेश्वरापुढे साष्टांग आडवे झाले.

आजही धामणकुंडात पाटकरी मडक्यांनीच निवडतात. आरंभी पुकारा होतो, "ज्याला सर्वांत जास्त भीती वाटते, त्यानं पुढं यावं." जो पुढे येतो, त्याचा हात पहिला. तो मान गुजाईच्या नावाचा. आणि कोणी काय टाकले, हे नवरा बायकोलाही विचारत नाही.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या शेताला पाणी मिळो, घरात दाणा राहो, आणि थरथरत्या हाताला कुंडेश्वराचा हात लाभो.