वाळूतली पिल्लं

नदीकाठची वाळू धरणात बुडाली, त्या काळची गोष्ट. एक टिटवी पिल्लांना घेऊन हिरव्या कुरणात आली. तिथे तितरबाई सगळ्यांच्या पिल्लांना शिकवायच्या, "घार दिसली की झुडपात पळायचं."

टिटवीची पिल्लं मात्र जागच्या जागी जमिनीला चिकटून पडायची.

"ऐकत नाहीत गं तुझी पोरं," तितरबाई टिटवीला म्हणाल्या.

टिटवी गोंधळली. वाळूत पिल्लं खड्यांसारखी पडून राहायची, म्हणून तर वाचली होती. मग चुकतंय कुठे?

तितरबाईंनी तिला टेकाडावर नेलं. "आता घारीच्या नजरेनं बघ."

आखूड हिरव्या गवतात मातकट पिल्लं लांबून उठून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तितरबाईंच्या शाळेत पुढे टिटवीच बसली. घारीची सावली पडताच ती झुडपाकडे धावली, पिल्लं तिच्यामागे.

आत वाळका पाचोळा होता. धाकटं कुजबुजलं, "आई, आता पडू?"

टिटवीनं पाहिलं, पाचोळा पिल्लांसारखाच मातकट होता.

"पड," ती म्हणाली. "इथे पड."