डुबकूचा निळा आरसा

एक होता नळ. नळाखाली होतं डबकं. डबक्यात होती बेडकी. एवढीशी! तुमच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव डुबकू.

नळ होता बालवाडीचा. बालवाडी होती सुगंधाबाईंची. मुलं यायची मातीने माखलेले पाय घेऊन. मग सुगंधाबाई दारात उभ्या राहायच्या. कमरेवर हात ठेवायच्या. आणि म्हणायच्या,

"आधी पाय धुवा, मग चटईवर या!"

मुलं पाय धुवायची. खळखळ, खळखळ! डबकं भरायचं. डुबकू खूश व्हायची.

नळाशेजारी उभी असायची सुगंधाबाईंची गाडी. छोटीशी. निळी निळी. इतकी चकचकीत, इतकी चकचकीत, की काय सांगू! डुबकू रोज सकाळी गाडीच्या दारासमोर बसायची. दारात दिसायची दुसरी डुबकू. गोल गोल डोळे. रुंद रुंद तोंड.

"डराँव! किती छान आहे मी!" डुबकू म्हणायची.

खोटं कशाला बोला? होतीच ती छान.

बालवाडीच्या भिंतीपलीकडे होती गाड्यांची न्हाणी. तिथे गाड्या आंघोळ करायच्या. आपोआप! मळकी गाडी आत शिरायची. फेस यायचा, फुसफुस. ब्रश फिरायचा, गरगर. वारा सुटायचा, फूंऽऽऽ. गाडी बाहेर यायची लखलखीत. डुबकू भिंतीच्या भोकातून बघायची. बघतच राहायची.

"वा गं न्हाणी! तुझ्यासारखी तूच!"

एकदा काय झालं, शनिवार होता. निळी गाडी सकाळी सकाळी न्हाणीत गेली. नव्या रस्त्याची लाल माती लागली होती ना तिला! चाकांना माती. दारांना माती. खरखरीत माती. गाडी न्हाली. बाहेर आली. नळाशेजारी उभी राहिली.

डुबकू धावली. टुण टुण टुण, थप्प! दारासमोर बसली. बघते तर काय!

तोंडावर रेघा! नाकावर रेघा! डोळ्यांवर रेघा!

"अगं बाई! माझं तोंड कुणी ओरखडलं?"

तिने गालाला हात लावला. गाल गुळगुळीत. तिने नाकाला हात लावला. नाक गुळगुळीत. मग रेघा होत्या कुठे?

रेघा होत्या गाडीवर! बारीक बारीक. गोल गोल. कोळ्याच्या जाळ्यासारख्या.

गेला ना डुबकूचा आरसा! डुबकूला रडू आलं. थोडंसं रडली. मग थांबली. रडून रेघ जाते का? नाही जात. डुबकूला ते ठाऊक होतं.

डुबकू निघाली. टुण टुण टुण, थप्प! भिंतीच्या भोकातून पलीकडे.

तिथे बसले होते इस्माईलचाचा. चाचांकडे होतं मऊ मऊ फडकं. चाचा गाडी अशी पुसायचे, जसं आई बाळाला पुसते.

"चाचा, चाचा, गाडी पुसा!
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना!"

चाचांनी चष्मा वर केला. "पुसेन की गं बेटी! माझ्या फडक्याने बारीक रेघ जाते. पण पुढच्या शनिवारी पुन्हा पडेल. ब्रशाच्या केसांत वाळू अडकलीय. आधी ब्रशाला केस धुऊ दे, मग मी गाडी पुसेन."

डुबकू निघाली. टुण टुण टुण, थप्प!

तिथे उभा होता ब्रश. बाप रे, केवढा उंच! माडाएवढा वाटला डुबकूला. केस पिवळे, केस निळे. पार जमिनीपर्यंत लोंबणारे.

"ब्रशा, ब्रशा, केस धू!
चाचा गाडी पुसेना,
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना!"

ब्रशाने मान खाली घातली. "मी मुद्दाम नाही गं केलं! मला गाड्या फार आवडतात. पण लाल माती माझ्या केसांत शिरली. ती मलाही टोचते. मी फिरलो गरगर, आणि रेघा पडल्या भराभर. आधी फवाऱ्याला पाणी सोडू दे, मग मी केस धुईन."

बिचारा ब्रश! डुबकूला त्याची कीव आली. पण आरसा? आरसा तर हवाच होता.

डुबकू निघाली. टुण टुण टुण, थप्प!

वर टांगला होता फवारा. त्याला नाकं किती? शंभर! पण सगळी कोरडी.

"फवाऱ्या, फवाऱ्या, पाणी सोड!
ब्रश केस धुईना,
चाचा गाडी पुसेना,
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना!"

फवाऱ्याने जोर लावला. हूं! काही नाही. पुन्हा जोर लावला. हूंऽऽ! एकच थेंब पडला. टप्प! तो पडला डुबकूच्या डोक्यावर.

"बघ, एवढंच आहे," फवारा म्हणाला. "आधी पंपाला पाणी ओढू दे, मग मी पाणी सोडेन."

डुबकू निघाली. टुण टुण टुण, थप्प!

कोपऱ्यात बसला होता पंप. गोल गोल पोटाचा. गप्प गप्प.

"पंपा, पंपा, पाणी ओढ!
फवारा पाणी सोडेना,
ब्रश केस धुईना,
चाचा गाडी पुसेना,
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना!"

"माझ्यात बळ आहे हत्तीचं!" पंप म्हणाला. "अख्खी विहीर ओढेन! पण बटण दाबल्याशिवाय मी हलत नाही. आधी मावशीला बटण दाबू दे, मग मी पाणी ओढेन."

झालं! एवढा मोठा हत्ती, आणि एवढंसं बटण!

डुबकू निघाली. टुण टुण टुण, थप्प!

खिडकीत बसल्या होत्या अंजनामावशी. मावशींपुढे होती दोन बटणं. एक हिरवं, एक लाल. हिरवं पाण्याचं. लाल ब्रशाचं.

"मावशी, मावशी, बटण दाबा!
पंप पाणी ओढेना,
फवारा पाणी सोडेना,
ब्रश केस धुईना,
चाचा गाडी पुसेना,
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना!"

मावशी वाकल्या. "अगंबाई, एवढीशी तू, आणि एवढी लांब आलीस? ऐक हं. माझा हात आधी हिरव्यावरच जातो. आधी पाणी, मग ब्रश. माती निघून जाते, रेघ पडत नाही. पण सकाळी सुगंधाबाईच म्हणाल्या, 'मला घाई आहे, पाण्याचं राहू दे!' मग मी काय करू? आधी बाईंना 'आधी पाणी' म्हणू दे, मग मी बटण दाबेन."

सुगंधाबाई! म्हणजे पुन्हा बालवाडी! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डुबकू निघाली. टुण टुण टुण, थप्प! भिंतीच्या भोकातून अलीकडे. पाय दुखले. धाप लागली. पण डुबकू थांबली का? नाही थांबली.

दारात उभ्या होत्या सुगंधाबाई. मुलं अंगणात खेळत होती. माती उडवत होती.

"बाई, बाई, 'आधी पाणी' म्हणा!
मावशी बटण दाबेना,
पंप पाणी ओढेना,
फवारा पाणी सोडेना,
ब्रश केस धुईना,
चाचा गाडी पुसेना,
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना!"

"आत्ता नको गं डुबकू!" बाई म्हणाल्या. "मला कुठे आहे वेळ? मुलं आत यायची आहेत. खिचडी वाढायची आहे. आणि गाडी तर धुतली की मी सकाळीच!"

अरेच्चा! आता जायचं कुणाकडे? आता कुणीच उरलं नाही. डुबकू पायरीवर बसली. एवढंसं तोंड करून बसली. हळूच म्हणाली,

"बाई 'आधी पाणी' म्हणेना,
मावशी बटण दाबेना,
पंप पाणी ओढेना,
फवारा पाणी सोडेना,
ब्रश केस धुईना,
चाचा गाडी पुसेना,
रेघ काही जाईना,
अन् डुबकूला डुबकू दिसेना..."

तेवढ्यात काय झालं? अंगणातून छबू आली धावत! छबूच्या पायाला माती. छबूला लागली भूक. छबू निघाली थेट चटईवर!

"थांब!" बाई म्हणाल्या. कमरेवर हात ठेवला. "आधी पाय धुवा, मग चटईवर या!"

"पण बाई, मला घाई आहे!" छबू म्हणाली.

"घाई असली तरी! माती खरखरीत असते. चटई ओरखडते ना!"

डुबकूने कान टवकारले. बेडकीला कान असतात का? असतात, लहान लहान. तिने उडी मारली. टुण्ण! बाईंच्या समोर, थप्प!

"बाई, बाई, एक विचारू? गाडीच्या पायाला माती होती?"

"होती."

"गाडीचे पाय आधी धुतले?"

बाईंनी गाडीकडे पाहिलं. जवळ गेल्या. वाकल्या. दारावर बारीक बारीक रेघा. बाईंनी जीभ चावली.

"चुकलंच गं माझं! मुलांना रोज सांगते, आणि गाडीला विसरले! डुबकू, तू लहान, पण तुझं म्हणणं केवढं मोठं!"

मुलांनी पाय धुतले. खिचडी खाल्ली. मग सगळी वरात निघाली न्हाणीकडे. पुढे निळी गाडी. मागे मुलं. छबूच्या तळहातावर कोण? डुबकू!

बाईंनी मोठ्याने सांगितलं, "आधी पाणी!"

बाई 'आधी पाणी' म्हणाल्या,
मग मावशींनी बटण दाबलं, टक्क!
मग पंपाने पाणी ओढलं, घुर्र घुर्र!
मग फवाऱ्याने पाणी सोडलं, फिस्सऽऽऽ!
मग ब्रशाने केस धुतले, खसाखसा!

केसांतून वाळू पडली. टपटप, टपटप. चाकांची उरलेली माती निघाली. लाल लाल पाणी वाहून गेलं. ब्रश झाला मऊ मऊ. आता टोचेना. आता बोचेना.

मग मावशींनी लाल बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला! फेस आला, फुसफुस. ब्रश फिरला, गरगर. वारा सुटला, फूंऽऽऽ. नवी रेघ पडली का? एकसुद्धा नाही!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. "वा गं न्हाणी! तुझ्यासारखी तूच!"

ब्रश लाजला. केस झटकले. सगळ्यांच्या अंगावर पाणी उडालं.

मग चाचांनी गाडी पुसली. मऊ फडकं. गोल गोल. हळू हळू. जुनी रेघ पुसट झाली. आणखी पुसट झाली. मग गेली!

गाडी कशी दिसत होती? निळी निळी! चकचकीत!

"माझा आरसा! माझा आरसा!"

डुबकूला कुठला धीर! तिने हातावरून उडी मारली, टुण्ण! पडली कुठे? लाल चिखलात, थप्प! उठली आणि निघाली थेट गाडीकडे. आता गाडीवर उडी मारणार, एवढ्यात...

"डुबकूऽऽऽ!" सगळे एकदम ओरडले. बाई ओरडल्या. मावशी ओरडल्या. चाचा ओरडले. छबू तर सगळ्यांत मोठ्याने. "आधी पाय!"

डुबकूने पायांकडे पाहिलं. लाल लाल पाय. खरखरीत माती.

"अगं बाई! मीच विसरले की!"

फवाऱ्याने तिच्यासाठी मुद्दाम एक थेंब राखून ठेवला होता. टप्प! डुबकूने पाय धुतले. मागचे धुतले. पुढचे धुतले. बोटांच्या मधलेसुद्धा धुतले. मग बाईंनी तिला अलगद उचललं. गाडीच्या नाकावर ठेवलं. निळ्या निळ्या पत्र्यात कोण होतं?

गोल गोल डोळे. रुंद रुंद तोंड. एकही रेघ नाही.

डुबकूला डुबकू दिसली!

"डराँव!" डुबकू म्हणाली. "किती छान आहे मी!"

आणि खोटं कशाला बोला? होतीच ती छान.

गोष्ट न्हाली, गोष्ट पुसली, गोष्ट झोपायला गेली. आता पांघरुणात शिरण्याआधी, दाखवा बघू तुमचे पाय!