नांगूच्या बिळात तेल गळलं

खाडीच्या काठी चिखल. चिखलात एक बीळ. बिळात राहायचा एक इवलासा खेकडा. नाव त्याचं नांगू.

एके सकाळी काय झालं?

टप टप. टप टप.

नांगूच्या डोक्यावर तेल पडलं. पांढरं, चिकट, घाणेरडं तेल. दारात तेल. घरात तेल. झोपायच्या जागेवरसुद्धा तेल. नांगू बाहेर आला. बघतो तर काय, बिळावर उभी होडी. होडीला जुनं मशीन. मशीनच्या पायातून तेल गळतंय.

नांगू असा रागावला, असा रागावला, की त्याचे डोळेच वर आले. माझं घर म्हणजे काय डबा आहे?

तुरुतुरु, तुरुतुरु, नांगू निघाला तिरका.

"होडी होडी, बाजूला हो.
बिळात माझ्या तेल गळे."

होडी म्हणाली, "मशीन चालेना, तर मी हलेना."

तुरुतुरु, तुरुतुरु, नांगू चढला मशीनवर.

"मशीन मशीन, चालू हो.
बिळात माझ्या तेल गळे.
होडी म्हणे, मशीन चालेना."

मशीन म्हणालं, "पोटात शिरलंय पाणी. तेल झालंय दुधासारखं. पाणी निघेना, तर मी चालेना."

नांगूने पाण्याच्या थेंबाला गाठलं.

"पाणी पाणी, बाहेर नीघ.
बिळात माझ्या तेल गळे.
होडी म्हणे, मशीन चालेना.
मशीन म्हणे, पाणी निघेना."

पाणी म्हणालं, "काढलंस तरी त्याच वाटेने पुन्हा येईन. वाट बुजेना, तर मी निघेना. वाट कुठंय, ते पंपाला विचार."

हे बरं आहे. शिरायचं यांनी आणि शोधायचं नांगूने!

तुरुतुरु, तुरुतुरु, नांगू गेला काठावरच्या शेडमध्ये. तिथे भिंतीला टेकून उभा होता सायकलचा पंप.

"पंप पंप, हवा फुंक.
बिळात माझ्या तेल गळे.
होडी म्हणे, मशीन चालेना.
मशीन म्हणे, पाणी निघेना.
पाणी म्हणे, वाट बुजेना."

पंप म्हणाला, "कोणी दाबेना, तर मी फुंकेना."

शेडच्या दारात बसले होते इस्माईल मिस्त्री, मशीन दुरुस्त करणारे. चहा पीत होते. सुर्रर्र.

"मिस्त्री मिस्त्री, पंप दाबा.
बिळात माझ्या तेल गळे.
होडी म्हणे, मशीन चालेना.
मशीन म्हणे, पाणी निघेना.
पाणी म्हणे, वाट बुजेना.
पंप म्हणे, कोणी दाबेना."

मिस्त्री म्हणाले, "नाखवा बोलावेना, तर मी येईना."

नाखवा म्हणजे होडीचा मालक, जोमा. तो जाळ्यावर पाय पसरून पडला होता.

"नाखवा नाखवा, मिस्त्रींना बोलाव.
बिळात माझ्या तेल गळे.
होडी म्हणे, मशीन चालेना.
मशीन म्हणे, पाणी निघेना.
पाणी म्हणे, वाट बुजेना.
पंप म्हणे, कोणी दाबेना.
मिस्त्री म्हणे, नाखवा बोलावेना."

जोमाने जांभई दिली. "मिस्त्री कशाला? नवं तेल ओतलं की झालं."

नवं तेल? म्हणजे तेही नांगूच्या घरात? आता मात्र हद्द झाली. नांगूने नांगी उघडली. जोमाच्या पायाचा अंगठा धरला.

कच्च!

जोमा एका पायावर नाचला. नांगू काही सोडेना.

"बोलावतो, बाबा, बोलावतो. सोड."

मग काय!

जोमाने मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी आधी सगळं तेल डब्यात काढलं. मशीनचा पाय बुडवला पाण्याच्या बादलीत. तेलाच्या भोकाला लावला पंप. मिस्त्रींनी पंप दाबला. पंपाने हवा फुंकली. फुस्स फुस्स.

बुडबुड बुडबुड. होडी ढकलणाऱ्या पंख्यापाशी आले बुडबुडे. तीच पाण्याची वाट!

मिस्त्रींनी पंखा काढला. आत काय? मासे धरायचा नायलॉनचा दोरा, तंगूस. गरगर गुंडाळलेला. त्याने पाणी अडवणारं आतलं रबरी कडं कापलं होतं.

"जोमा, हा हिरवा तंगूस कोणाचा?" मिस्त्रींनी विचारलं.

तंगूस तुटला की जोमा तो पाण्यात भिरकावून द्यायचा. रोज. त्याचाच तंगूस त्याच्याच मशीनला लागला होता.

"आणि तेल माझ्या घरात," नांगू म्हणाला.

मिस्त्रींनी नवं कडं बसवलं. वाट बुजली. पाणी निघालं. नवं तेल भरलं, मशीन चाललं. भुर्रर्र. होडी हलली.

आणि बीळ? जोमा गुडघ्यावर बसला. तेलकट चिखल त्याने स्वतः, हातांनी, पार तळापर्यंत उपसला. नांगू दारात उभा राहून बघत होता. एक नांगी उघडीच.

"चुकलो रे," जोमा म्हणाला.

तेव्हा कुठे नांगूने नांगी मिटली.

तुटलेला तंगूस आता खुंटीवर. नांगू आपल्या बिळात. आणि आपण आपल्या पांघरुणात.